दांड्यावरच्या दोन गाठी

क्रोज नेक
१४ सप्टेंबर

ट्रॅव्हिस,

तुम्हा लोकांचे फोन काढून घेतात आणि पहिले काही आठवडे फक्त पत्रं चालतात, हे मला व्यसन सोडवायच्या त्या घरातल्या बाईने सांगितलं. तुझ्या कागदांवर जवळची नातेवाईक म्हणून माझं नाव आहे, म्हणून ती बोलली तरी. तू तेवढंही कळवलं नाहीस. तुझी आईही अशीच होती. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा तिला दर आठवड्याला पत्र लिहायचे, आणि कॉराचं उत्तर यायचं ते थेट नाताळात. तू तिचाच मुलगा, तेव्हा फार अपेक्षा न ठेवता लिहायला बसलेय.

तू जिवंत राहिलास म्हणून देवाचे आभार मानून झाले. आता मी रागवायला मोकळी आहे.

सकाळी सात वाजता, सगळं बंदर कामाला निघताना, धक्क्यावर ट्रक चालू ठेवून आत निळा पडून राहायचं, हे तुला कसं सुचलं? एल्डन तिथं नसता आणि त्याच्या गाडीत ते गोळ्या जास्त झालेल्याला शुद्धीवर आणणारं, नाकात मारायचं औषध नसतं, तर मी आज तुझ्या आईशेजारी तुझ्यासाठी जागा बघत असते. ते औषध त्याच्याकडे कसं होतं कोण जाणे. आगीच्या बंबावर जातो म्हणून देत असतील.

मग घरी येऊन चहा करायला घेतला, तर डब्यामागे तुझी नशेच्या गोळ्यांची बाटली. माझ्या चहाच्या डब्यामागे, ट्रॅव्हिस. गेलं वर्षभर मी त्या फळीवर हात घालत होते आणि तू समोर बसून माझ्या हातचा चहा पीत होतास. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्याचा.

तुझे तीनशे ऐंशी पिंजरे पाण्यात आहेत. एल्डनने सगळ्यांना आमिषाच्या शेडमध्ये गोळा केलं. तू परत येईपर्यंत रोज एका बोटीने थोडेथोडे उपसायचे, शेवंडं विकून तुझ्या नावावर ठेवायची, असं ठरलं. समुद्रखात्याच्या अधिकाऱ्याकडून तसा कागदही करून आणलाय. तू तिथं फक्त बरा हो.

आणि एक विचारायचं राहिलं. बाई म्हणाली, तुला रोज जिभेखाली ठेवायची कसली तरी पट्टी देतात, आणि ती म्हणे वर्षानुवर्षं घ्यावी लागेल. हे बरं होणं कसलं? तुझा मर्ल काका व्हिस्की सोडली म्हणून बिअर प्यायला लागला होता, त्यातलाच हा प्रकार वाटतो. घरी येशील तेव्हा ते सगळं संपवून ये, आणि संपलं नसेल तर निदान माझ्या स्वयंपाकघरात दिसेल असं ठेवू नकोस. दिवसभर माणसांची ये-जा असते इथं.

खात जा.

तुझी मावशी
अर्डिस

---

बँगोर
२२ सप्टेंबर

अर्डिस मावशी,

पत्र मिळालं. इथं सगळ्यांसमोर नाव पुकारून पत्रं वाटतात, त्यामुळे मला मावशी आहे आणि तिचं अक्षर रागीट आहे, हे आता सोळा जणांना माहीत झालंय.

माझ्या खोलीत लुसियन म्हणून एक लाकूडतोड्या आहे. तो घोरतो. सकाळी सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाला आज मनात कोणती भावना आहे ते विचारतात. मी तीन दिवस ‘थंडी’ असं सांगितलं. चौथ्या दिवशी बाई म्हणाली, ती भावना नाही. मी म्हटलं, खिडकीजवळ बसून बघा.

बाटलीबद्दल मला लिहिता येत नाही. तो डबा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, एवढंच समज.

औषधाबद्दल सांगतो, एकदाच. इथली नर्स मला जे सांगते तेच. त्या पट्टीने झिंग येत नाही. ओढ थांबते आणि माणसाला दिवसभर दुसरं काही सुचतं. ती मध्येच सोडून कुणी पुन्हा जुन्या गोळ्यांकडे गेलं, तर शरीराला पूर्वीइतकं सोसत नाही आणि माणूस पहिल्याच खेपेला मरतो. इथून गेलेले दोघे असे गेले. त्यातल्या एकाने बायको टोमणे मारते म्हणून औषध सोडलं होतं. मर्ल काकाच्या बिअरचा आणि याचा काही संबंध नाही. पण तुला पटणार नाही, आणि बंदरात तर कुणालाच पटणार नाही. तिथं माझं नाव कसं निघत असेल ते मला माहीत आहे. बक बीलचा मुलगा, बापाची बोट मिळाली आणि ट्रकमध्ये निळा पडला.

पिंजरे राहू देत. कुणाचे उपकार नकोत मला. स्वतःचे पिंजरे सोडून माझे उपसणारा प्रत्येक जण मनात शिव्या घालत असणार, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पुढच्या पत्रात औषधावरून एक अक्षर लिहिलंस तर मी ते वाचणार नाही. खरंच सांगतोय.

ट्रॅव्हिस

---

क्रोज नेक
२९ सप्टेंबर

ट्रॅव्हिस,

धमक्या देऊ नकोस. तुझं नाक पुसलंय मी.

उपकार नकोत म्हणे. मग ऐक, काल तुझे पिंजरे उपसायला कोण गेलं होतं? मी. एल्डनचा मदतनीस आजारी पडला आणि एल्डन एकटाच निघाला होता. त्याची मान पाठीपासून लोखंडासारखी ताठ, मागे वळून बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागतो. म्हटलं, येते मी. एक्केचाळीस वर्षं या बंदरात काढली, पण मर्लने मला कधी बोटीवर पाय ठेवू दिला नाही, आणि घरी आला की समुद्राचं नाव काढायचा नाही. तो असता तर त्याने मला पाण्यात ढकललं असतं.

तुला सांगते, ते आमिष म्हणजे नरक आहे. खारवलेल्या हेरिंग माशांचा तो पिंपभर चिखल हाताने पिशव्यांमध्ये भरायचा. मी तीनदा आंघोळ केली तरी मांजर माझ्या मागेमागे फिरतंय. पण मी एकही पिंजरा चुकवला नाही. काळ्या खडकाजवळचे तुझे सगळे, एकूण बेचाळीस. एल्डन सुकाणूवर, मी मागे. पिंजरा वर यायचा, शेवंडं मोजपट्टीला लावायची, लहान असेल ते परत पाण्यात, नवीन आमिष भरायचं आणि पिंजरा आणि त्याच्या दोरीला बांधलेला खुणेचा तरंगता बोया पुन्हा ढकलून द्यायचे.

आणि तुम्हा मच्छीमारांना जे कधी सुचलं नाही ते मी केलं. उद्या वर्जिल जाणार, परवा आणखी कुणी. कोणता पिंजरा झाला आणि कोणता राहिला हे त्यांना कळायचं कसं? आम्ही बहिणी लहानपणी बटाट्याच्या शेतावर पिंप भरलं की आपल्या नंबराची चिठ्ठी त्यावर लावायचो, म्हणजे कुणी तेच पिंप पुन्हा हिशेबात धरायचं नाही. इथं चिठ्ठी कुठली लावणार? मग मी बोयाच्याच दोरीने त्याच्या वर निघालेल्या दांड्याला एकावर एक दोन गाठी मारल्या, बटाट्याच्या पोत्याचं तोंड बांधतात तशा. बेचाळीसच्या बेचाळीस बोयांवर. एल्डनची पाठ माझ्याकडे होती, त्याला दिसलंही नाही. मी काही बोलले नाही. म्हटलं, उद्या सगळे आपोआप म्हणतील, ही कुणाची अक्कल.

औषधाबद्दल मी काही लिहीत नाहीये. फक्त एवढंच, की मला ते अजूनही पटलेलं नाही.

उत्तर लिही.

मावशी

---

क्रोज नेक
१६ ऑक्टोबर

ट्रॅव्हिस,

अडीच आठवडे झाले. मधे दोन पत्रं टाकली. फोन आता परत दिला असेल म्हणून काल केला, तर तू उचलला नाहीस. तुझ्या डोक्यात काय भरलंय?

इथं वेगळीच तऱ्हा चालू आहे. गडीमाणसं पिंजरे उपसायला जातात, नाही असं नाही, पण कुणी कुणाशी बोलत नाही. शनिवारी चर्चच्या जेवणात एल्डन आणि वर्जिल एकाच टेबलावर बसले आणि बीन्सचं भांडं एकमेकांकडे सरकवायला मला मध्ये घातलं. वर्जिलला विचारलं काय झालं, तर म्हणतो, एल्डनलाच विचार. एल्डनला विचारलं, तर म्हणतो, ज्याने केलं त्याला कळलं पाहिजे. दोघे मिळून एकशे तीस वर्षांचे आहेत.

मला वाटतं कंटाळले असतील. स्वतःचं काम करून तुझं ओढायचं म्हणजे सोपं नाही. माझ्या गाठींबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. या बंदरात बाईने काही शहाणपणाचं केलं तर ते दिसतच नाही कुणाला.

राग असेल तर रागाचं पत्र लिही, पण लिही.

मावशी

---

बँगोर
१ नोव्हेंबर

अर्डिस मावशी,

हे पत्र तुला लिहायला हवं म्हणून लिहितोय. तुझी चार पत्रं माझ्या उशीखाली आहेत, न उघडलेली. २९ सप्टेंबरपासूनची सगळी. पहिलं हातात आलं तेव्हा वाटलं, आत पुन्हा औषधाबद्दलच असणार आणि आज मला ते सोसणार नाही. मग दुसरं आलं. एक ठेवून दिलं की दुसरं उघडणं आणखी अवघड होतं. तुला हे समजणार नाही, तुला काही उघडायची भीती वाटलेली मी कधी बघितली नाही.

मी गेल्या शनिवारी क्रोज नेकला येऊन गेलो. एक दिवसाची सुट्टी मिळते. लुसियनचा भाऊ त्या बाजूला जाणार होता, त्याने पहाटे सोडलं. मला आधी कुणाला भेटायचं नव्हतं. म्हटलं, पाण्यावर जाऊ, आपले बोये बघू, बळ आलं तर मग मावशीच्या दारात जाऊ. जुन्या दगडी उतारावर माझी लहान होडी होती, ती वल्हवत काळ्या खडकापर्यंत गेलो.

पहिला बोया दिसला, पिवळा आणि हिरवा पट्टा. इतका बरा वाटला तो मला. जवळ गेलो तर दांड्यावर दोन गाठी.

तुला याचा अर्थ माहीत असेलच, मर्ल काका इथलाच होता. नसेल तर सांगतो. इथं कुणी कुणाला तोंडाने सांगत नाही. ज्याने आपल्या हद्दीत पिंजरे टाकले, ज्याच्यावर चोरीचा संशय आहे, जो बंदराला नको आहे, त्याच्या बोयाच्या दांड्यावर त्याच्याच दोरीने दोन गाठी मारायच्या. म्हणजे, तुला एकदा सांगितलं, आता जा. नाही गेला तर पुढच्या वेळी दोरच कापतात आणि पिंजरे तळाला राहतात. गाठ कुणी मारली हे विचारायचं नाही, आणि दुसऱ्याने मारलेली सोडवायचीही नाही. माझ्या बापाने आयुष्यात दोनदा अशी गाठ मारली. ती दोन्ही माणसं बंदर सोडून गेली.

एका बोयावर असत्या, तर म्हटलं असतं, कुणीतरी एक जण खवळलाय. मी एकवीस मोजले आणि मग वल्ही फिरवली. हा सगळ्या बंदराचा निर्णय आहे, मावशी. तुझ्यासमोर ते पिंजरे उपसतात आणि पाण्यावर मला हे सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. तुझ्या घराच्या मागून गेलो. तुझ्या चुलीचा धूर दिसत होता.

तर आता ठरलं. इथं टायरच्या दुकानात काम मिळतंय, ते धरतो. बोट विकायला काढायची, वर्जिलला हवी असेल तर त्याला दे. पिंजरे नोव्हेंबर संपायच्या आत वर काढून घ्या.

आणि औषध मी बंद करतोय. तुझंच खरं होतं. आजवर ते घेत होतो ते परत येऊन बोटीवर उभं राहता यावं म्हणून. आता कुणासाठी घ्यायचं? शिवाय ते चालू ठेवून मी स्वच्छ झालो असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. कालपासून सोडलंय. नर्सला सांगितलेलं नाही, पट्टी तोंडात धरून बाहेर येऊन थुंकतो. त्या बाईला फोन करू नकोस, कागदावरून तुझं नाव मी काढून टाकलंय.

चहाच्या डब्यामागच्या बाटलीबद्दल मला माफ कर.

ट्रॅव्हिस

---

क्रोज नेक
३ नोव्हेंबर, दुपारी

ट्रॅव्हिस,

हे पत्र टपालाने येत नाही. एल्डन घेऊन येतोय, आणि तू ते उघडून वाचेपर्यंत तो तुझ्यासमोरून हलणार नाही. तसं मी त्याला बजावलंय.

त्या गाठी मी मारल्या.

पुन्हा लिहिते, कारण तुझं डोकं कॉराचं आहे. त्या गाठी मी मारल्या. मी, अर्डिस, स्वतःच्या हाताने, बेचाळीसच्या बेचाळीस. कोणते पिंजरे झाले हे बाकीच्यांना कळावं म्हणून, बटाट्याच्या पिंपावर चिठ्ठी लावतात तसं. २९ सप्टेंबरच्या पत्रात मी हे सगळं फुशारकी मारून लिहिलंय. तुझ्या उशीखाली आहे ते. पाच आठवडे तू त्यावर डोकं ठेवून झोपतोयस.

तुझं पत्र आज सकाळी आलं. मी ते तसंच हातात घेऊन आमिषाच्या शेडमध्ये गेले. सगळे होते. मी विचारलं, दांड्यावर दोन गाठी म्हणजे काय, मला आत्ताच्या आत्ता सांगा. वर्जिल एल्डनकडे बघायला लागला आणि एल्डन वर्जिलकडे. मग वर्जिल म्हणाला, "अर्डिस, तू यात पडू नकोस. ज्याने हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाला गाठ मारली त्याचं तोंड मला बघायचं नाही." एल्डन म्हणाला, "माझ्याकडे कशाला बघतोस? तुझ्या दिवशी लागल्या त्या." वर्जिल म्हणाला, "माझ्या आधी तू गेला होतास."

महिनाभर हे चाललं होतं, ट्रॅव्हिस. प्रत्येक जण दुसऱ्याने गाठी मारल्या असं धरून चालला होता, आणि प्रत्येक जण तुझ्या बाजूने दुसऱ्यावर डूख धरून बसला होता. एकानेही तोंड उघडलं नाही, कारण गाठीबद्दल बोलायचं नसतं म्हणे. अरे, कोणी केला हा नियम?

मी सांगितलं, मी मारल्या. कुणाचा विश्वासच बसेना. मग मी तिथल्याच एका बोयावर मारून दाखवली. वर्जिल खाली बसला तो उठेना. हसत होता की रडत होता ते मला नीट कळलं नाही. एक्केचाळीस वर्षं राहूनही मी बाहेरचीच आहे, हे आज सगळ्यांसमोर सिद्ध झालं. आता मी मेले तरी हे लोक ही गोष्ट सांगत राहतील.

मला लाज वाटते. त्यांच्यापुढे नाही, तुझ्यापुढे. माझ्या घराच्या मागून तू परत गेलास, धूर बघून. मी आत पाव भाजत होते.

आता औषध. माझंच खरं होतं, असं तू लिहिलंस. माझं खरं नव्हतं. मला त्यातलं काही कळत नाही, आणि ज्यातलं कळत नाही त्यात मी गाठी मारत सुटते, हे तू बघितलंसच. मी तुझ्या पत्रातला तो भाग शेडमध्ये वाचला नाही. फक्त एल्डनला बाहेर नेऊन दाखवला, कारण गाडी त्याची आहे आणि मला कुणीतरी तुझ्याकडे न्यायला हवं होतं. त्याने वाचलं आणि गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "तू थांब. मी एकटा जातो. मला जागा माहीत आहे." मी विचारलं, तुला कशी माहीत? तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी लिहिणार नाही. त्याला म्हटलं, खाली जागा ठेवलीय, तू लिही.

तुझ्या चुलीजवळच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही.

मावशी

*

ट्रॅव्हिस,

मला लिहायची सवय नाही. पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा गोळ्या सुरू झाल्या आणि मग सुटेनात. तू घेतोस तीच पट्टी मी सहा वर्षं घेतोय. इथल्या औषधाच्या दुकानात सगळे ओळखतात म्हणून महिन्यातून एकदा बँगोरला येतो. बायकोला सांगितलंय, पाठीच्या डॉक्टरकडे जातो. चर्चमध्ये दानाचं तबक फिरवतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही. ते नाकातलं औषध बंबाचं नव्हतं, माझं होतं. गाडीत ठेवतो, कधी मलाच लागलं तर कुणीतरी मारेल म्हणून. पण कुणाला सांगितलंच नव्हतं, तर मारणार कोण होतं?

मी दोनदा मध्येच सोडलं होतं. दोन्ही वेळा, स्वच्छ झालो असं म्हणता यावं म्हणून. दुसऱ्या वेळी जवळजवळ गेलोच होतो.

अर्डिसला आज सांगितलं. बायकोला संध्याकाळी सांगणार. तू आता माझ्यासमोर उठून नर्सकडे जा. मी दारात उभा राहतो.

एल्डन

---

बँगोर
८ नोव्हेंबर

मावशी,

एल्डन खरंच हलला नाही. भेटीच्या खोलीत त्या छोट्या खुर्चीवर मान ताठ करून बसला होता, एखाद्या खांबासारखा. मी पत्र वाचलं, मग खालचं त्याचं वाचलं. मान वर केली तर तो म्हणाला, "झालं? चल मग."

नर्सला सांगितलं, चार दिवस थुंकत होतो. मला वाटलं हाकलून देतील. तिने फक्त विचारलं, मध्ये दुसरं काही घेतलं का? नाही म्हटलं. खरंच नाही घेतलं, पण बुधवारी टायरच्या दुकानामागे कुणाकडे मिळतं ते मी विचारून ठेवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी जाणार होतो. एल्डन गुरुवारी दुपारी आला. हे तुला लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. लिहितोय.

नर्सने मला पुन्हा नीट सुरू करून दिलं. आता तिच्यासमोर तोंड उघडून दाखवावं लागतं, शाळेतल्या पोरासारखं. सकाळच्या गोलात मला विचारलं, आज कोणती भावना. मी म्हटलं, वैताग. बाई म्हणाली, कुणाचा? म्हटलं, माझ्या मावशीचा, आणि तिला बटाटे वेचायला शिकवणाऱ्या सगळ्यांचा. मग मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. लुसियन इतका हसला की त्याला बाहेर न्यावं लागलं. सांगता सांगता मीही हसलो.

तुझी चारही पत्रं ओळीने वाचली. तू बोटीवर गेलीस, माझ्यासाठी. मांजराचा भाग मी दोनदा वाचला.

१९ तारखेला, शनिवारी, मला सोडतायत. औषध सोबत असेल, आणि पुढेही असेल, किती दिवस ते मला माहीत नाही. ते मी माझ्या खोलीत पेटीत कुलूप लावून ठेवीन, कुणाला दिसणार नाही. तेवढं चालेल ना? बोट विकू नकोस.

ट्रॅव्हिस

---

क्रोज नेक
११ नोव्हेंबर

ट्रॅव्हिस,

गुरुवार संध्याकाळबद्दल वाचलं. उठून परसात गेले, लाकडं फोडली, परत आले. यापुढे असं काही मनात आलं तर मला फोन कर. मी ओरडेन, पण उचलेन.

एल्डनच्या बायकोने त्याला विचारलं, सहा वर्षं कसल्या पाठीच्या डॉक्टरकडे जातोस हे मला माहीत नव्हतं असं वाटलं की काय तुला? तो अजून त्यातून सावरलेला नाही.

तुझे पिंजरे तसेच आहेत. वर काढायला सगळे तुझी वाट बघतायत. गाठी कुणी सोडवल्या नाहीत. वर्जिल म्हणतो, ज्याने मारल्या त्यानेच सोडवायच्या असतात. तेव्हा सोमवारी मला तुझ्या बोटीवर यावं लागणार आहे, आणि आमिषाला मी हात लावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

शनिवारी तू येशील त्या दहाच्या बसला तुला घ्यायला एल्डन आणि मी दोघं येतोय.

पेटीचं म्हणशील तर तिला कुलूप असू दे, ते बरोबरच आहे, घरात माणसं येतात. पण ती तुझ्या खोलीत राहणार नाही. तिची जागा मी करून ठेवलीय, स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याच्या पुढे. कुणी विचारलं हे काय, तर सांगेन, ट्रॅव्हिसचं औषध. मग चहा विचारेन.

मावशी